कमरेतली उसण

चीनच्या लढाईनंतर गावोगाव लष्करभरती जोरात सुरू होती. मॅट्रिक होऊन मला अठरा पूर्ण झाली होती आणि आबा, म्हणजे माझे वडील, हवालदार होऊन निवृत्त झालेले. मी भरती होणार की नाही, हा प्रश्नच घरात नव्हता. वडूजजवळच्या आमच्या माळावर ते मला रोज पहाटे पाठीवर वाळूचं पोतं देऊन पळवायचे.

भरतीला तीन आठवडे राहिले असताना तालमीपुढचा दगडी गोटा उचलताना कमरेत कळ गेली. गोटा हातातून सुटला. वाकलेलो होतो, सरळच होता येईना. कुणी पाहिलं नव्हतं. भिंतीला धरत घरी आलो आणि गप्प राहिलो. दुसऱ्या पहाटे पोतं घेऊन पळालोही, ओठ चावत.

आईने मात्र ओळखलं, कारण मी खाली पडलेलं काही उचलत नव्हतो. तिने तापल्या विटेचा शेक दिला. मग आबा शेतात असताना उसण उतरवायला गल्लीतल्या एका पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, म्हातारीकडे नेलं. म्हातारीने कमरेवर तीनदा टाच टेकवली. दोन दिवस बरं वाटलं, नंतर कळ मांडीतून पोटरीत उतरली. आई म्हणाली, आबांना सांगू या. मी तिला शपथ घातली.

साताऱ्याच्या मैदानावर मी पळालो कसा, ते आठवत नाही. पहिल्या दहांत आलो एवढं खरं. दोरीपलीकडे आबा जुन्या शिपाई मित्रांत उभे होते. ते हसत होते. घरी ते सहसा हसत नसत.

मग डॉक्टरांचा तंबू. बाकावर उताणं झोपवून त्यांनी माझा डावा पाय ताठ वर उचलायला सुरुवात केली. अर्ध्यावर माझ्या कपाळावर घाम फुटला. मी तंबूच्या कापडाकडे बघत राहिलो.

"किती दिवस दुखतंय?"

"न्हाई साहेब. दुखत न्हाई."

त्यांनी पाय आणखी एक बोट वर नेला. माझ्या तोंडून आवाज निघालाच.

त्यांनी कागदावर 'अनफिट' असा शेरा मारला. रागावले नाहीत. म्हणाले, पडून राहू नकोस, रोज चाल, पण सहा महिने ओझं उचलू नकोस. वय आहे, बरा होशील.

बाहेर आबा माझ्याकडेच येत होते.

"आबा, कंबर गेलीया. तीन आठवडं झालं."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तुमी पोतं काढलं असतं का?"

त्यांनी माझी पिशवी खांद्याला लावली आणि ते एसटीकडे चालू लागले.

दुसऱ्या पहाटे त्यांनी मला उठवलं. पोतं आणलं नव्हतं. आम्ही दोघं नुसते चाललो. पहिल्या दिवशी ओढ्यापर्यंत, महिन्याभराने पार पुढच्या गावापर्यंत. हळूहळू कळ पोटरीतून सरली, मग मांडीतूनही. वर्ष सरत आलं तेव्हा मला वाकून पायाच्या बोटांना हात लावता येत होता.

तेव्हाच एकदा चालता चालता त्यांनी समोर बघतच विचारलं, "परत जायचं का भरतीला?"

त्यांना मी आजवर कशालाच नकार दिला नव्हता.

"न्हाई आबा. मला शिकायचंय."

ते थांबले. मग म्हणाले, "चल. ऊन व्हईल." जूनमध्ये सांगलीला, विश्रामबागेतल्या कॉलेजात माझं नाव घालायला तेच आले.