पाचवी हाक

भुताखेतांचा मजकूर आला की तो टोपलीत टाकायचा, हे काम सोलापूरच्या एका दैनिकात मी अनेक वर्षं केलं. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं म्हणणार नाही. पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहितो.

आणीबाणीच्या आदल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, अक्कलकोट रोडवर सुताच्या एका गोदामाला आग लागली. बातमीसाठी गेलेला मी बंबाशेजारी उभा होतो. बंबाच्या पंपावर अग्निशमन दलाचा सिद्राम होता. नोझल घेऊन त्याचा धाकटा भाऊ मल्लिनाथ निघाला होता.

"अण्णा, पाणी सोड बरं का. मागल्यासारखी थुंकी नगं!"

"जा की! आदी पाय रोव."

पाइप कोपऱ्यावरून वळून गोदामामागच्या लोखंडी जिन्याने वर जाणार होता. पंपावरून तिकडचं काही दिसत नव्हतं. म्हणून त्यांची पद्धत अशी — एकेक पाइप जोडला की जोडणाऱ्या जवानाने आकडा ओरडायचा. तो ऐकून सिद्राम पंपाचा दाब ठरवी... नोझलला हवा तेवढा, शिवाय दर पाइपमागे आणि दर मजल्यामागे जो वाया जातो तो मिळवून.

"एक!"... "दोन!"... "तीन!"... "चार!"

मग — "पाच!"

मी स्पष्ट ऐकलं. सिद्रामने दाब तेवढा वाढवला.

पाइप चारच होते. एका पाइपचा जादा दाब कोरड्या जमिनीवर माणूस पेलतो. ओल्या जिन्यावर मल्लिनाथचे पाय सुटले. तो खाली कोसळला आणि कमरेखाली कायमचा लुळा झाला.

चौकशीत पाइप जोडणारे चारही जवान म्हणाले, पाचवा आकडा कोणी दिलाच नाही. मी म्हणालो, मी ऐकला. अधिकारी शांतपणे म्हणाले, "मग पाचवा माणूस दाखवा."

चूक सिद्रामची ठरली. त्याला पंपावरून काढलं.

त्यानंतर दवाखान्यात गेलो. सिद्राम भावाच्या खाटेशी बसला होता. विचारलं, "आवाज कोणाचा होता?"

"माझाच हुता, सायेब. दुसऱ्या कुणाचा असता तर परत इचारलं असतं की."

मल्लिनाथने डोळे उघडले नाहीत. "व्हय, अण्णाचाच. वर... माज्या मागनं आला."

मला तो आवाज ओळखता आला नव्हता. कोपऱ्यापलीकडून आला एवढंच कळलं होतं. पण 'पाच!' ऐकू आलं त्या क्षणी मी सिद्रामच्या तोंडाकडे पाहत होतो. त्याचे ओठ मिटलेले होते.