लाल दोऱ्याची अकरा कणसं

चिडायचं कुणावर, हेच मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाजारातलं ज्वारीचं बी युरिया आणि फवारणीशिवाय रुसून बसतं, आणि आमच्या शेतात नुसतं शेणखत. म्हणून दोन जुन्या ज्वाऱ्यांचं मीच लग्न लावलं. माहेरची गोड, पण जरा वारा सुटला की लोळायची. सासरची ताठ, पण भाकरी घशाखाली उतरत नाही. फुलोऱ्यातले नर-भाग चिमट्याने एकेक काढताना मान मोडून यायची. सासूबाई म्हणायच्या, "ज्वारीच्या उवा काढतीस का गं?"

चौथ्या वर्षी मनासारखी अकरा ताटं सापडली. ताठ, किडीने न पोखरलेली. परका पराग लागू नये म्हणून कणसांना कागदी पिशव्या घातल्या, दाणा धरल्यावर काढल्या आणि ओळखीला दोरा बांधला. देव्हाऱ्यापाशी लाल दोऱ्याची गुंडी होती, तीच घेतली. मग दोन दिवस बहिणीच्या गावी, कड्याला गेले.

परत आले तर शेतात दिरांचे सोयरे हुरड्याला बसलेले. कणसं भाजायच्या आगटीशेजारी लाल दोरे पडले होते. मी मोजले. अकरा.

"भावजी, ही कणसं का खुडली?"

"आता बगा! दोरा बांदलेली ताटं पाव्हण्यांसाठीच राखतो की आपण. म्या आदी तीच खुडली, वैनी."

त्यांचं काय चुकलं? हुरड्याला राखलेल्या ताटांना लाल दोरा बांधायचा, ही आमच्या घरचीच पद्धत. दरवर्षी मीच बांधते. अक्कल गहाण ठेवल्यासारखी मी बियाण्यालाही तोच बांधला, आणि कुणाला सांगितलंही नाही. मागच्या वर्षीचं बी तर हावरटासारखं सगळं पेरून मोकळी झाले होते, मूठभरही मागे ठेवलं नव्हतं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पाहुण्यांसमोर ओरडताही येईना. चटणीची वाटी पुढे सरकवत राहिले.

त्यातले एक वयस्कर पाहुणे तळहातावर हुरडा चोळत म्हणाले, "लई गोड हाय, सूनबाई. असला हुरडा जल्मात खाल्ला न्हाई. ह्याचं बी द्या की थोडं आमाला."

आणि उरलेले दाणे त्यांनी तोंडात टाकले.

"देईन की," मी म्हटलं. "चार वर्षांनी या."