रिकाम्या गोणीचा फोटो

तिसरी शेळी मेली तेव्हा ती पोरगी माझ्याकडे बघून हसली.

हसू गोड होतं. समोरचे दोन दात पडलेले, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी. मी खाली ठेवलेला स्टेथोस्कोप तिने फ्रॉकला पुसला, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "काका, आता कोनाचा नंबर?"

माझ्या अंगावर काटा आला. मी सरकारी दवाखान्यातला जनावरांचा डॉक्टर आहे. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस. सहसा काटा येत नाही.

गाव मूल तालुक्यातलं, धानाचं. नाव सांगत नाही, कारण तिथे अजून चहाला जावं लागतं. घर भाऊरावांचं. चार एकर धान, बैलजोडी आणि सात शेळ्या. तिसरी मेली तेव्हा चार उरल्या. मुलगी त्यांची भाची, आरोही, दुसरीतली. आई वारली, बाप माजरीला कोळशाच्या खाणीत ठेक्यावर. त्याच्या तीन पाळ्या आणि एक खोली, म्हणून पोरीला मामाकडे पाठवलेली. वागायला अशी, की पाहुणा आला की न सांगता पाण्याचा गडवा पुढे. शेळ्यांचं सगळं तिनेच अंगावर घेतलं होतं. नावं ठेवली होती, गळ्यात दोऱ्या बांधल्या होत्या.

आता माझी त्या दिवसांतली मानसिक अवस्था सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बायको मुलांच्या शाळेसाठी नागपूरला. मी क्वार्टरमध्ये एकटा. एका मित्राने पेन ड्राइव्हमध्ये जुने इंग्रजी सस्पेन्स सिनेमे भरून दिले होते. त्यातले निम्मे गोजिरवाण्या पोरांचे. नावं लक्षात राहिली नाहीत, कारण गोष्ट एकच. मूल चुणचुणीत असतं. केस नीट विंचरलेले, बोलणं आर्जवी, मोठ्यांना बघून उभं राहणारं. मग घरातलं कुत्रं मरतं. मग शेजारीण जिन्यावरून पडते. दर वेळी मूल तिथेच असतं आणि दर वेळी त्याचा फ्रॉक इस्त्रीचा असतो. हे ओळखणारा माणूस सिनेमात एकच असतो आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. ती भूमिका मला फार आवडली होती. ऑफिसातही माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. तयारी झालेलीच होती.

तर पुरावे असे. पहिली शेळी मेली तेव्हा मी पोचेपर्यंत पुरूनही झाली होती. सोबत कोण होतं? आरोही. दुसरी माझ्यासमोर गेली. सकाळी धडधाकट, दुपारी थरथर, तोंडाला फेस, पोट टम्म. मी पोटफुगी समजून तेल पाजलं, सुई घालून वारा काढला. उपयोग झाला नाही. आधी तिला कोण कुरवाळत होतं? आरोही. तिसरीची लक्षणं तीच आणि ती कोसळायच्या आधी पोरगी म्हणाली होती, "मामा, हिचे पाय बी कापून राह्यले, हे बी मरन."

सिनेमात पोर असं बोललं की मागे व्हायोलिन वाजतं. इथे भाऊरावांचा पंप चालू होता, एवढाच फरक.

माझ्यासोबत आमचे पट्टीबंधक वासुदेवभाऊ होते. पट्टीबंधक म्हणजे ड्रेसर. जखमा बांधणं हे त्यांचं काम कागदावर. प्रत्यक्षात डॉक्टरला सांभाळणं. ते म्हणाले, "साहेब, पोट फाडून पाहू ना."

बरोबर बोलत होते. शेळीच्या चार पोटांतलं पहिलं उघडलं की वासावरूनच निम्मं निदान होतं. आंबूस आला तर धान्य जास्त खाल्लं, वगैरे. पण माझं निदान झालेलं होतं. मी म्हटलं, "पोटात काही नाही, वासुदेवभाऊ. हे प्रकरण वेगळं आहे."

आणि निघताना मी तो पराक्रम केला. भाऊरावांच्या बायकोला, शेवंताबाईंना बाजूला बोलावलं. आवाज खाली आणला. म्हणालो, "ह्या पोरीला शेळ्यांजवळ एकटी सोडू नका. लक्ष ठेवा. दिसतं तसं नसतं."

शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, वा, काय परिणाम साधला.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी मी आणखी एक सिनेमा लावला आणि बंद केला. पंखा लावला, बंद केला. काहीतरी बोचत होतं, काय ते सापडत नव्हतं. तेवढ्यात वासुदेवभाऊ सायकलवरून आले. ते रविवारी कधी येत नाहीत. बसलेही नाहीत.

"साहेब, तुमी त्या बाईले काय सांगतलं?"

मी सांगितलं.

"तरीच." त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "गावात बोलून राह्यले का पोट्टीच्या अंगात काई हाये. लोकायनं आपली पोरं घरात घेतली. पोट्टीले मामीनं धानाच्या कोठीत कोंडलं, ताट दारातून सरकवते. उद्या वैनगंगेच्या पल्याडून जानता येनार हाये पाहाले."

"असं कसं? कुणी म्हटलं हे?"

"कोनी म्हनलं मंजे? डाक्टरसायबानं म्हनलं."

इथे एक माहिती द्यावी लागेल. दरवर्षी तालुक्याच्या मेळाव्यात अंधश्रद्धेवर भाषण मी देतो. जनावर आजारी पडलं तर जाणत्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे नको, दवाखान्यात आणा, असं टेबलावर हात आपटून सांगतो. आमच्या भागात एखाद्यावर असं बोट वळलं की पुढे काय होतं, ते पेपरात आतल्या पानावर छोट्या चौकटीत येतं. त्या चौकटी मी कापून भाषणासाठी ठेवतो. आता त्या फाइलमध्ये सात वर्षांची पोरगी जायची वेळ आली होती आणि बोट माझं होतं.

"आत्ता जाऊ," मी म्हटलं.

"जाऊन काय सांगान? चुकलो म्हनान? मंग बकऱ्या कायनं मेल्या, ते इचारतीन. हाये उत्तर?"

पोट मी उघडलंच नव्हतं. वासुदेवभाऊ गेले. मी खोलीत फेऱ्या मारत बसलो, म्हणजे बसलो नाहीच. सहा वेळा बॅग भरली. पुस्तकं काढली. शेळी, थरथर, फेस, पोटफुगी, तासा-दोन तासांत मृत्यू. विषबाधेचं पान समोर होतं आणि मी वाचत होतो. पण त्या घरात विष यायचं कुठून?

सोमवारी सकाळी निघणार तर जिल्ह्याच्या साहेबांचा फोन.

"प्रात्यक्षिकाचा रिपोर्ट कुठेय?"

"पाठवतो सर."

"फोटो आहेत ना? रिकामी गोणी दिसतेय ना फोटोत?"

"दिसतेय सर."

"मग पाठव. वरून विचारतायत."

प्रात्यक्षिक म्हणजे हे. धानाच्या तणसीत, म्हणजे पेंढ्यात, सत्त्व कमी असतं. युरिया पाण्यात विरघळवून तणसीवर शिंपडायचा, ती दाबून तीन आठवडे झाकायची, मग ती जनावरांना पचते आणि मानवते. चांगली योजना आहे. पंधरवड्यापूर्वी मी ती भाऊरावांच्याच कोठ्यात करून दाखवली होती. गोठ्याला इकडे कोठा म्हणतात. नियम असा, की दिलेला युरिया पूर्ण वापरल्याचा पुरावा म्हणून रिकाम्या गोणीचा फोटो जोडायचा.

मी फोनवर तो फोटो उघडला. बॅनर, भाऊराव, तणीस, मधे मी रिकामी गोणी उलटी धरून. कडेला आरोही हसतेय. मी बोटांनी तिचा चेहरा मोठा केला. खरं सांगतो, अजूनही मी त्या हसण्यात काहीतरी शोधत होतो. काही नव्हतं. दात पडलेली पोर होती. फोटो थोडा खाली सरकला आणि तिच्या पायाजवळचा पत्र्याचा डबा दिसला.

डबा मी ओळखला.

त्या दिवशी तणीस ठरल्यापेक्षा कमी निघाली होती. युरिया उरला. गोणी रिकामी होईना आणि फोटोत तर रिकामीच हवी. मी आजूबाजूला पाहिलं. कोठ्यात एक जुना डबा होता, तळाला थोडं मीठ. उरलेला युरिया त्यात ओतला, वर झाकण लावलं, गोणी झटकली, फोटो काढला. भाऊरावांना सांगायचं होतं. तेवढ्यात चहा आला. मग सरपंचांचं भाषण झालं. मग मी विसरलो.

युरिया मोजून तणसीत मुरला तर खाद्य. तोच कोरडा, मूठभर, शेळीच्या पोटात गेला तर पोटात अमोनिया वायू होतो आणि रक्तात भिनतो. तासा-दोन तासांत खेळ खलास. पोट उघडलं असतं तर असा भपकारा आला असता की सर्दी झालेल्यालाही कळलं असतं.

त्या डब्यातलं मीठ शेळ्यांना कोंड्यात कालवून द्यायचं काम आरोहीचं होतं. माजरीच्या खाणवसाहतीत वाढलेली पोर, तिने युरिया कधी पाहिला असणार? पांढरं ते मीठ.

वासुदेवभाऊंना घेऊन मोटारसायकल दामटली. दारात गर्दी होती. जाणता अजून पोचला नव्हता, पण त्याचं काम आयतंच झालं होतं. चौथी शेळी पडली होती.

"पाहा साहेब," एक म्हातारा म्हणाला, "पोट्टीले काल्पासून कोंडलं, तरी बकरी पडली. कुलपातून करते ते."

कोठीच्या दारामागून काही आवाज येत नव्हता. त्याने मी जास्त घाबरलो.

"आज शेळ्यांना मीठ कुणी दिलं?"

शेवंताबाई पुढे आल्या. "मीच देल्लं, कोंड्यात. रोजच्या डब्यातलं. काऊन?"

मी डबा बाहेर उन्हात आणला आणि झाकण काढलं. वासुदेवभाऊंनी एक दाणा जिभेवर ठेवला, थुंकले आणि डबा त्या म्हाताऱ्यापुढे धरला. त्याने चिमटीत घेतलं, चुरडलं. डबा पुढे सरकला. त्या अंगणातल्या प्रत्येक माणसाने आयुष्यभर धानाच्या बांधीत युरिया फेकलाय. त्यांना डॉक्टरने समजावून सांगायची गरज नव्हती. हातांनाच कळलं.

"ह्या डब्यात युरिया कोनं भरला?" भाऊरावांनी विचारलं. ते बायकोकडे बघत होते.

"मी," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. गोणी, फोटो, चहा. मग ते दुसरं, जे जास्त जड होतं. पोरीबद्दल बोललो ते सिनेमे बघून बोललो, त्यात औषधाचा, शास्त्राचा काही भाग नव्हता.

मग म्हातारा म्हणाला, "शिनेमा पाहून?"

"हो."

"आन् आमाले भाषन देता तुमी."

शेळीने पाय झाडले म्हणून मी वाचलो. "आंबट ताक आणा," मी ओरडलो, "चिंच भिजवा, थंड पाणी आणा." आंबटाने पोटातला अमोनिया मरतो. जे लोक पोरीचा न्याय करायला जमले होते तेच चिंचेसाठी घरोघर पळाले. मी आणि वासुदेवभाऊ घोटघोट पाजत राहिलो. दीड तासाने शेळीने मान उचलली आणि माझ्या बुटावर ओकली. मी कृतज्ञ होतो.

तोवर भाऊरावांनी कोठीचं कुलूप काढलं होतं. आरोही बाहेर आली, वेण्या सुटलेल्या, अंगभर धानाचा भुसा. तिने आतून सगळं ऐकलं होतं. ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली. हसत नव्हती.

"मंजे मीच मारल्या ना काका? जे शान्यासारखी वागे तिलेच मी जास्त देत होती."

सगळे माझ्याकडे बघत होते. सिनेमांत या प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं, तिथली पोरं असं विचारत नाहीत.

"तू मीठ दिलंस," मी म्हणालो. "युरिया मी दिला."

तिने माझ्या हातातली ताकाची वाटी घेतली आणि शेळीच्या तोंडाशी धरली. शेवंताबाई तिच्यामागे बसल्या आणि तिच्या केसांतला भुसा वेचू लागल्या. जाणत्याला फाट्यावरूनच परत पाठवलं.

नंतरचं थोडक्यात. तीन शेळ्या मी आणून दिल्या. ऑफिसात लेखी खुलासा द्यावा लागला. साहेब म्हणाले, "युरिया उरला होता तर सांगायचं ना." मी म्हटलं, "सर, सांगायला रकाना नव्हता." ते चिडून म्हणाले, बदली करून पार टोकाला, सिरोंचाला बसवीन. प्रत्यक्षात आलापल्लीला बसवलं. साग चांगला आहे इथे. मृत्यूच्या कारणाच्या ओळीत मी 'युरिया विषबाधा' लिहिलं. वासुदेवभाऊंचं म्हणणं होतं, माझं नाव लिहायला हवं होतं. पेन ड्राइव्ह मित्राला परत केला. धडा विचाराल तर, पोट आधी उघडावं आणि तोंड नंतर.

सुट्टीवर जाता-येता त्या गावात थांबतो. आरोही चौथीत आहे, दात आलेत. मी अंगणात शिरलो की ती धावत आत जाते आणि मुठीत मीठ घेऊन येते. शेळ्या तिच्यामागे. ती मूठ आधी माझ्यापुढे उघडते आणि तेच जुनं गोड हसू हसते.

"आधी तुमी चाखा, काका."

सगळ्या अंगणासमोर मी चाटतो. खारट लागलं की सांगतो, आणि मग शेळ्यांचा नंबर लागतो.