खंडेनवमीला बंद पडलेला आवाज

अपग्रेड चालू असताना मशीन बंद करायचं नसतं, हे मी दादांना बजावून बाहेर पडले होते. आईला सांगायचं सुचलंच नाही, कारण आईचा आणि त्या लॅपटॉपचा संबंध धूळ पुसण्यापुरता. खंडेनवमीची सकाळ होती आणि मला मस्तगडच्या बाजारात जाऊन झेंडूची फुलं आणायची होती. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरकत होत्या आणि दादा खाटेवर मांडी घालून त्यांच्याकडे बघत होते. लक्ष ठेवा म्हटलं, तर त्यांनी हात उडवला. जा, मला शिकवू नकोस, असा त्याचा अर्थ.

दादा म्हणजे माझे वडील. जन्मभर शाळेत मराठी शिकवली. गेल्या चैत्रात घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला एक भोक आहे, त्यातून ते श्वास घेतात आणि त्यावर पातळ पंचा गुंडाळतात. डॉक्टरांनी आवाज काढला, स्वभाव मात्र जागच्या जागी ठेवला. काही हवं असलं की ते स्टीलचा पेला खाटेच्या दांडीवर वाजवतात. पाणी हवं तरी पेला, भाजीत मीठ कमी पडलं तरी पेला, माझं काही चुकलं तरी पेला. बाकीचं पाटीवर लिहितात.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, तेव्हा त्यांना बोलतं करायचं मी मनावर घेतलं. आधी मोबाइलवर करून पाहिलं. बारीक अक्षरांवर त्यांची बोटं थरथरायची, आणि आवाज एका गोड बाईचा. दादांनी मोबाइल गादीवर फेकला. मग घरातला जुना लॅपटॉप काढला. त्याची बॅटरी कधीचीच मेलेली, प्लग लावला तरच चालायचा. त्यावर मी लिनक्स टाकलं. फुकट मिळतं हे एक, आणि दुसरं म्हणजे त्याच्या पोटात हात घालता येतो. आवाज खाली उतरवून उतरवून पुरुषाचा केला. दादा मराठीत टाइप करायचे आणि मशीन बोलायचं. पण ते जोडाक्षरं गिळायचं, आणि मराठीच्या मास्तरला हे सहन होणं शक्य नव्हतं. नव्या आवृत्तीत आवाज सुधारलाय, असं मी एकदा बोलून गेले. झालं. दसऱ्याच्या आत तो बसवायचाच, असा पेला सुरू झाला.

दसऱ्याचं कारण होतं आत्या. दादांची थोरली बहीण, त्यांची अक्का, शहागडला असते. दादा लहान असतानाच त्यांची आई गेली, तेव्हा आत्यानंच त्यांना वाढवलं. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेलेत. लिहिता-वाचता तिला आधीही येत नव्हतं. म्हणजे पाटी तिच्या काहीच कामाची नव्हती. दर दसऱ्याला दादा तिला सोनं द्यायला जायचे, एकही चुकवला नव्हता. ऑपरेशनचं मात्र त्यांनी तिला कळू दिलं नाही. आम्ही सांगतो म्हटलं तर पाटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, मीच सांगणार. आम्ही फोनवर घसा बसलाय, घसा बसलाय करत महिने काढले. शेवटी आत्या फोनवर यायची बंद झाली. भाऊ आपल्यावर रुसला, एवढंच तिच्या मनात पक्कं बसलं. तिनं सुनेकरवी निरोप पाठवला, आता मी मेल्यावरच या म्हणावं.

तर त्या सकाळी हा सगळा जीव त्या सरकणाऱ्या ओळींत अडकलेला होता.

मी पिशवीभर झेंडू आणि आपट्याची पानं घेऊन परत आले, तर दारातच पेल्याचा आवाज ऐकू आला. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दादा उभे राहून पेला दांडीवर आपटत होते, पंचा सुटला होता, चेहरा लाल. समोर पाटावर आईनं पूजा मांडलेली. विळी, खुरपं, तिची कात्री, शिलाई मशीनचा पाय, आणि मधोमध लॅपटॉप. त्याच्या झाकणावर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती आणि वायर व्यवस्थित गुंडाळून बाजूला ठेवली होती.

आईनं सांगितलं ते असं. पडद्यावरच्या ओळी आपोआप दिसेनाशा झाल्या होत्या, तेव्हा तिला वाटलं काम आटोपलं. एक बारीक दिवा मात्र जळत होता. चालू हत्याराची पूजा करत नसतात, म्हणून तिनं बोर्डावरचं बटण बंद केलं. त्याच वेळी दादांनी पेला वाजवायला सुरुवात केली. तिला वाटलं, चहा मागताहेत. ती म्हणाली, पूजा होऊ द्या, मग टाकते. त्यांनी आणखी जोरात वाजवला. तिनं आणखी शांतपणे कुंकू लावलं.

तिला फक्त एक शब्द ऐकू यायला हवा होता. तो ओरडायला दादांकडे आवाज नव्हता, आणि तो आवाज त्याच मशीनमध्ये होता. मला आईचा इतका राग आला की मी फुलांची पिशवी जमिनीवर आदळली. मग दादांकडे बघितलं आणि रडू यायला लागलं, म्हणून आणखी राग आला.

मी प्लग लावायला वाकले, तर आईनं हात धरला. पूजलेलं हत्यार उद्यापर्यंत हलवायचं नसतं. माझं आणि तिचं चांगलंच वाजलं. देव काय लॅपटॉपमध्ये येऊन बसलाय का, असंही मी बोलले. तिनं ऐकून घेतलं, पण हात सोडला नाही. तेवढ्यात दादांनी पाटी आमच्या दोघींच्या मध्ये धरली. तिच्यावर एकच शब्द होता, अक्का.

आईनं तो वाचला. मग ती पाटासमोर बसली, लॅपटॉपवर अक्षता टाकल्या, हात जोडले आणि तो दोन्ही हातांनी जरासा हलवला. वेळेआधीच तिनं उत्तरपूजा करून टाकली. उठताना तोंडातल्या तोंडात पुनरागमनाय च म्हणाली. एरवी मी हसले असते.

मशीन सुरू केलं. कंपनीचं चित्र आलं, गेलं, आणि डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत राहिली. अर्धं जुनं उपटलेलं आणि अर्धं नवं बसलेलं, असं घर मध्येच सोडून गवंडी निघून गेला होता. पुन्हा सुरू केलं, कीबोर्डवरचं एक बटण दाबून धरून यादी आणली आणि जुन्या आवृत्तीचा दुरुस्तीचा मार्ग निवडला. त्यानं डिस्क तपासायला घेतली. चूक सापडली, दुरुस्त करू का? हो. आणखी एक सापडली, करू का? हो. मी हो म्हणत गेले, पण काय दुरुस्त होतंय आणि काय कायमचं जातंय ते मला दिसत नव्हतं. दादा माझ्या खांद्यामागे उभे होते. गळ्यातल्या भोकातून त्यांचा श्वास वाजत होता. जरा बसा हो, मानेवर श्वास नका सोडू, असं मी खेकसले. ते हलले नाहीत.

मग अर्धवट राहिलेली पॅकेजं पूर्ण कर, असा हुकूम दिला. ओळी पळू लागल्या. आई देवासमोर जाऊन बसली. ओळी थांबल्या. एक फाइल तुटकी निघाली, ती नव्यानं उतरवायला हवी होती, आणि या दुरुस्तीच्या मार्गात मशीनला इंटरनेट नव्हतं. दुसरं मशीन कॉलेजात, आणि कॉलेजला कुलूप. माझा मोबाइल केबलनं जोडला. मशीन त्याला ओळखेना. पोर्ट बदलला, केबल उलटीसुलटी केली, शेवटी ओळखलं. दुपारी आम्ही जेवलो नाही. कुणी जेवा म्हटलंही नाही.

उन्हं उतरायला लागली तेव्हा पडद्यावर नवा, निळा डेस्कटॉप आला. दादांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, म्हणजे शाबासकी. ते खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधून टाइप केलं. अक्का. बटण दाबलं.

काहीच आलं नाही.

पुन्हा दाबलं. आवाज पूर्ण वाढवला. सेटिंग उघडली, तर तिथे स्पीकरचं नावच नव्हतं. डमी आउटपुट, एवढंच लिहिलेलं. म्हणजे मशीन बोलत होतं, पण त्याला घसा नव्हता. दादांनी ते दोन शब्द वाचले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी मोबाइलवर शोधत बसले. जगभरातल्या लोकांनी हेच रडगाणं गायलेलं होतं. एकानं लिहिलं होतं, सगळं पुसून नव्यानं टाका. ते मला करायचं नव्हतं. दादांनी तिथे महिनाभर बसून काहीबाही लिहून ठेवलं होतं, आणि ते मी कधी वाचलं नव्हतं. दुसऱ्यानं काही लिहिलं, तिसऱ्यानं त्याला वेड्यात काढलं. त्या भांडणातूनच माझ्या लक्षात आलं. आवाज सांभाळणारा जुना प्रोग्राम, म्हणजे जुना कारभारी, अपग्रेडमध्ये निघून जायला हवा होता, तो अर्ध्यावर वीज गेल्यानं तिथेच राहिला. नवाही येऊन बसला. दोघं एकाच साउंड कार्डावर हक्क सांगत होते आणि कुणालाच काही मिळत नव्हतं. मी जुन्याला काढलं, नव्याला सुरू केलं, आणि मशीन बंद करून परत चालू केलं. तेवढा वेळ मी बोर्डाच्या बटणावर तळहात ठेवून उभी होते.

मघाचाच शब्द पुन्हा टाइप केला. मी बटण दाबलं. लॅपटॉप जाड, कोरड्या आवाजात म्हणाला, अक्का. दोन्ही क नीट ऐकू आले.

दादा भिंतीकडून वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. आईनं चहा टाकला.

दसऱ्याला दुपारी आम्ही अंबडमार्गे शहागडला गेलो. लॅपटॉप दादांच्या मांडीवर होता. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला ते त्याच्यावर दोन्ही हात दाबून धरायचे. झाकणावरचं कुंकू मी पुसलं नव्हतं. आईनं पुसू दिलं नसतं.

आत्या ओसरीत सतरंजीवर बसली होती. आम्ही आल्याचं सुनेनं तिला सांगितलं. दादा तिच्या शेजारी बसले आणि तिच्या हातात आपट्याची पानं ठेवली. तिनं ती मुठीत घेतली, पण तोंड फिरवून घेतलं. मी लॅपटॉप दोघांच्या पुढ्यात ठेवून घाईघाईनं प्लग लावला. आई बोर्डाखाली पाठ टेकून बसली, कुणी हात लावू नये म्हणून. मशीन सुरू व्हायला नेहमीचाच वेळ लागला असेल, पण मला तो सोसवेना. दादांनी टाइप करायला घेतलं.

"अक्का, मी आलो," मशीन म्हणालं. "रुसलो न्हाई. घसा काढला माझा. मशीनमधून बोलून राह्यलो."

शाळेत कुणी न्हाई म्हटलं की छडी उगारणारे दादा. बहिणीसाठी त्यांनी मशीनला गावचं बोलणं शिकवलं होतं.

आत्याचा चेहरा आवाजाच्या दिशेनं वळला. तिनं हात पुढे केला, तो लॅपटॉपच्या झाकणाला लागला. तिनं झाकण चाचपलं, वरून खाली कुरवाळलं, आणि मग दोन्ही हात आपल्या कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली. मशीनची तिनं दृष्ट काढली. दादा शेजारीच होते, पण ती सगळी मशीनकडे वळली होती.

दादा बघत राहिले. मग त्यांनी पंचा सोडला, तिचा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर नेऊन ठेवला. तिच्या बोटांना ते भोक लागलं, आतला श्वास लागला. ती दचकली, पण तिनं हात मागे घेतला नाही. तिची बोटं गळ्यावरून हनुवटीवर गेली, गालावर गेली, आणि तिथे थांबली. मी दुसरीकडे बघू लागले.

मशीनचा बारीक दिवा जळत होता. आईला वाटलं असावं की आता त्याचं काम संपलं. तिनं मान वळवून बोर्डाकडे हात नेला आणि हळूच मला विचारलं, "बंद करू का?"

मी उत्तर द्यायच्या आत दादांनी मोकळ्या हाताच्या बोटांनी फरशीवर दोनदा ठोकलं. आईनं झटकन हात मांडीवर ठेवला.

"हे काय वाजलं?" आत्यानं विचारलं.

"थांब म्हणून राह्यले ते," आई म्हणाली.