सभेच्या वेळचे हंडे

कागदावर पोच मिळाल्याशिवाय सूर्य उगवला यावरही विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच असेल, आणि नेमका तो माझा थोरला साडू निघावा! पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, तरी बिबवेवाडीच्या त्यांच्या घरात कारभार अर्जावरच चालतो. मुलीच्या लग्नाची पत्रिका देतानाही त्यांनी माझ्याकडून दुसऱ्या प्रतीवर सही घेतली. "नंतर म्हणाल, मिळालीच नाही." मी म्हटलं, "अहो, मी समोर उभा आहे." "तेच तर. उद्या नसाल."

निवृत्तीनंतर त्यांनी खडकवासल्यापलीकडची एक वाडी मनावर घेतली. वाडीतून धरणाचं पाणी दिसतं, पण प्यायच्या पाण्यासाठी बायकांना उताराखालच्या झऱ्यावर रांग लावावी लागे. नळासाठी साडूंनी ग्रामपंचायतीकडे तीन अर्ज केले, मुद्देसूद, पोचेसकट. तिन्ही वेळा ग्रामसभेत एकच उत्तर मिळालं: वाडीचं कोणी हजर नाही, विषय पुढच्या सभेत. साडू भडकले आणि मला घेऊन वाडीतल्या एका म्हातारीला जाब विचारायला गेले. ती शांतपणे म्हणाली, "बाप्ये कामाला जात्यात. आमचा सभेच्या येळंला झऱ्यावर नंबर असतो. पानी सोडून पान्याच्या सभेला कशी येऊ, साहेब?" साडूंनी वही काढली, सभेची वेळ लिहिली आणि विचारलं, "एकूण हंडे किती?"

पुढच्या ग्रामसभेच्या सकाळी बायका सभेला गेल्या आणि झऱ्यावर आम्ही दोघे साडू, पुढ्यात त्यांचे सगळे हंडे. कोणता कुणाचा, हे साहेबांनी खडूनं लिहून घेतलं होतं. भरलेला हंडा खांद्यावर घेऊन ते चढ चढू लागले आणि अर्ध्यात मटकन बसले. निम्मं पाणी सदऱ्यावर. मला हसू आलं होतं, ते त्यांचा चेहरा बघून गिळलं. "खात्यात असताना या वाडीचा नकाशा मीच काढला होता हो," ते म्हणाले, "त्यात हा चढ एवढाच आहे." त्यांनी बोटाचं पेर दाखवलं. त्या दिवशी ठराव मंजूर झाला आणि पुढच्या उन्हाळ्याआधी नळ आला.

मग साडूंचं वाडीला जाणंच थांबलं. घरी नुसते बसून असायचे. मला फार वाईट वाटायचं. परवा मी त्यांच्याकडे गेलो असताना म्हातारीचा फोन आला. तिचा आवाज खणखणीत, मला सगळं ऐकू येत होतं.

"नळाला पानी हाय, पर तुमी येत न्हाई."

"काही तक्रार असल्याशिवाय मी कसा येऊ, मावशी?"

"मग हीच तक्रार लिवून घ्या."

साडूंनी फोन ठेवला. "खडकवासल्याची बस किती वाजता असते हो?" त्यांनी मला विचारलं. त्या बसच्या सगळ्या वेळा त्यांना तोंडपाठ आहेत. तरी मी आपली वेळ सांगितली.