खांद्यावरचा हात

नल्लकुंट्यातला तो फोटोवाला स्क्रीनला नाक लावून बसे आणि अनेक फोटो एकमेकांत मिसळून नवी चित्रं बनवी. घराच्या वाटणीनंतर आम्ही तिघे भाऊ एकमेकांशी बोलत नाही, पण आईला तिघांचा एकत्र फोटो हवा होता. म्हणून मी तिघांचे सुटे फोटो त्याला नेऊन दिले.

तयार फोटोत त्यानं तिघांवरचं ऊन एकाच बाजूनं आणलं होतं. माझ्या खांद्यावर मात्र एक हात होता.

"हा कोणाचा?"

"मेराइच है, साब. तुम तीनों हाथां बांध को खड़े हैं, मैं क्या करतूं?"

घरी आईनं नेमकं त्या हातावरच बोट ठेवलं. "थोरल्यानं ठेवला ना रे शेवटी?"

मी 'हो' म्हणालो. थोरला अंबरपेठेत राहतो, रिक्षानं दहा मिनिटांवर. वाटणी झाल्यापासून तो आईकडे फिरकलेला नाही.