हवेवरच्या झाडाची तहान

मूर्खपणा कसा करावा हे कुणाला शिकायचं असेल, तर कॉफी घेऊन इकडे बसा. ठरत आलेलं माझं लग्न मी एका झाडापायी मोडलं होतं. झाड तरी कसलं? मुठीत मावेल एवढं, ना माती ना कुंडी!

नव्वदीतली गोष्ट. परदेशी गेलेले लोक तेव्हा येताना काहीबाही घेऊन यायचे. सुधाच्या काकांनी अमेरिकेहून ही हवेवर जगणारी झाडं आणली. सुधा म्हणजे मला सांगून आलेली मुलगी, इथे तंजावुरातच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. पसंती झाली होती, फक्त आमचा होकार कळवायचा बाकी होता. सुट्टीत ती मंडळी बंगळूरला निघाली, तेव्हा झाडं आमच्याकडे ठेवून गेली.

"आठवड्यातून एकदा पाण्यात बुडवा, मग निथळू द्या," सुधा म्हणाली. "विसरू नका हं."

मी कसला विसरतोय? पण बादली भरली आणि आई आडवी आली.

"अरे, हवेवर जगतं त्याला पाणी कशाला? आकाशगरुडाला कधी घातलंय?"

तुम्हाला ठाऊक नसेल. दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे दारावर एक कंद टांगतात, तो आकाशगरुड. नुसत्या हवेवर कोंब धरतो. त्याला पाणी घालायचं नाही. आणि तो वाळला, तर घरावर संकट आलं समजायचं.

मला पटलं हो. आईने हळदकुंकू लावून सुधाची झाडं आतल्या दारावर टांगली.

ती वाळायला लागली! टोकं तपकिरी, पानं गुंडाळलेली. मी आपला जेवताना उठून बघ, आंघोळीतून ओल्या अंगाने येऊन बघ.

"झाड त्यांचं, म्हणजे संकटही त्यांच्यावरच," आई म्हणाली.

झालं, मला घरात बसवेना. सायकल काढली, एसटीडी बूथ गाठला. फोन सुधाच्या वडिलांनी घेतला; होणाऱ्या सासऱ्यांना आमच्यात मामा म्हणतात.

"मामा, जरा सांभाळून राहा. शकुन काही बरा दिसत नाही."

मामा नुसतं "कळलं" म्हणाले आणि फोन ठेवला.

आता आमच्या लोकांत मुलीला 'नको' असं तोंडावर कुणी सांगत नाही. शकुन बरा नाही, एवढंच कळवतात. हे मला कधी आठवलं? घरी परतताना, अर्ध्या वाटेत. तसाच मागे फिरलो, तर बूथवाला कुलूप लावून जेवायला गेलेला. दुसऱ्या दिवशी फोन कुणी उचलेना. उचलणार कोण? मंडळी सुट्टी अर्धी टाकून तंजावूरच्या वाटेला लागली होती.

सुधा एकटीच आली, डोळे लाल. झाडं काढली, आमच्याच बादलीत बुडवली आणि समोर बसून राहिली. मी येरझाऱ्या घालत सगळं एका दमात सांगून टाकलं. कंद, संकट, फोन, सगळं. दुपार कलली तशी पानं उलगडायला लागली.

"तहान लागली होती त्यांना," ती म्हणाली. "म्हणजे तुमचा नकार नव्हता?"

"छे हो."

"मी बुडवा म्हटलं, आई नको म्हणाल्या, तुम्ही आईंचं ऐकलंत. लग्नानंतर कुणाचं ऐकाल?"

मी तोंड उघडलं, आणि सवयीने आईकडे वळलो.

"काय सांगू गं?"

त्या दोघी हसत सुटल्या. हसता हसताच त्यांनी लग्न ठरवलं. मला मुहूर्त तेवढा कळवला.